हो, नाही, प्रश्न चुकीचा

नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मला वाटलं होतं, निदान तिथे बसून वाचन तरी होईल. पहिल्या दिवशी पिशवीत एक जाडजूड पुस्तक घालून गेले होते. ते पुस्तक अजून त्याच पिशवीत आहे. वीसेक पानं झाली असतील.

कल्याण पश्चिमेला एका मिठाईच्या दुकानाच्या वर ते सेंटर आहे. जिन्यात तुपाचा वास येतो आणि वरचं काचेचं दार उघडलं की स्पिरिटचा. आठवड्यातून तीनदा सकाळच्या शिफ्टला आम्ही डोंबिवलीहून रिक्षाने पत्री पुलावरून तिथे जायचो. आधी वजन, मग बीपी, मग हातात दोन जाड सुया, आणि चार तास यंत्राला जोडलेलं राहायचं. घरी आलं की हे झोपायचे आणि मी दुसऱ्या दिवशीच्या भाज्या चिरून पाण्यात घालायची. भाजी उकळायची, ते पाणी फेकून द्यायचं, पुन्हा उकळायची. पोटॅशियम जातं म्हणतात. त्याच्याबरोबर चवही जाते. वेगवेगळं करण्याचं त्राण नसल्याने मीही तेच खायची.

हे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांची चित्रं काढायचं काम. मुळातच बोलणं कमी, पण आजारानंतर तेवढंही उरलं नाही. दुखतंय का, गार वाजतंय का, टीव्ही लावू का, सगळ्याला मान हलवायची, आणि तीही अशी की होकार आहे की नकार ते आपणच ठरवावं. मुलगा बंगळूरला. रविवारी त्याचा फोन आला की हे 'बरंय' म्हणून फोन माझ्याकडे द्यायचे. सुरुवातीला मुलाने किडनी द्यायची तयारी दाखवली होती, पण ते यांनी पहिल्याच वाक्यात उडवून लावलं. मग मी म्हटलं, माझी घ्या. रक्तगट जुळत होता. पहिल्या तपासण्याही मी करून आले. रिपोर्ट आणायच्या दिवशी मला सणकून ताप होता, म्हणून हे एकटेच डॉक्टरांकडे गेले. परत आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "तुझी साखर काठावर आहे. नाही जमत." माझ्या आईला मधुमेह होता, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही. तो विषय तिथेच मिटला आणि आम्ही डायलिसिसला जायला रिक्षा ठरवली.

सेंटरमध्ये यांच्या शेजारच्या खाटेवर एक बाई असायच्या. साठी उलटलेली, बारीक, केसांचा घट्ट अंबाडा, कायम कॉटनची साडी. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, म्हणून सगळे त्यांना टेलिफोनवाल्या काकू म्हणत. लग्न केलेलं नव्हतं. विठ्ठलवाडीला स्टेशनजवळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एकट्या राहायच्या आणि सेंटरलाही एकट्याच यायच्या. नवीन टेक्निशियन आली की विचारायची, आपके साथ कौन है? काकू मराठीतच उत्तर द्यायच्या, मी आहे ना. ती मुलगी बाहेर जाऊन काकूंच्या माणसाला शोधायची.

एका सकाळी यंत्र सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. मी यांच्या पायांवर चादर घालत होते. काकू छताकडे बघत, कुणालाच उद्देशून नसल्यासारख्या म्हणाल्या, "एका माणसाचा फोन वाजतो. तो उचलतो. पलीकडून एक शब्दही येत नाही. तो फोन खाली ठेवतो आणि आनंदाने रडायला लागतो. का?"

मला वाटलं, त्या कुणाची तरी खरी हकीगत सांगतायत. त्यांनी मग समजावलं. एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला फोन कमी असत, तेव्हा जागं राहायला सगळ्या मुली एकमेकींना अशी कोडी घालायच्या. ऐकणाऱ्याने वाटेल तेवढे प्रश्न विचारायचे, पण सांगणाऱ्याने तीनच उत्तरं द्यायची. हो, नाही, किंवा प्रश्न चुकीचा. खोटं बोलायचं नाही. तेवढा एकच नियम, पण तो कुणी मोडला तर त्या मुलीला पुन्हा खेळात घेत नसत.

मी विचारलं, प्रश्न चुकीचा म्हणजे काय? काकू म्हणाल्या, "म्हणजे मी जे सांगितलंच नाही, ते तुम्ही मनाने धरून चाललात."

मी आपले दोन-तीन प्रश्न विचारले. तो बहिरा आहे का? नाही. राँग नंबर होता का? नाही. कुणी मेल्याची बातमी येणार होती का? नाही. माझं डोकं तेवढ्यातच दमलं. घरी गॅस बंद केला की नाही, याचाच विचार माझ्या मनात चालला होता. काकूंनीही आग्रह केला नाही. बाकीचा वेळ यंत्रांच्या घरघरीत गेला.

पुढच्या खेपेला सुया लावून झाल्या आणि यांनी डोळे मिटलेले असतानाच विचारलं, "फोन करणाऱ्याला बोलता येतं का?"

मी चमकून यांच्याकडे बघितलं. किती आठवड्यांनी पूर्ण वाक्य ऐकत होते.

काकू म्हणाल्या, "नाही."

"तो त्या माणसाचा मुलगा आहे?"

"हो."

"मुका मुलगा एकटाच कुठेतरी लांब गेलाय. पोचल्यावर नुसती रिंग दे, असं बापाने सांगितलेलं. तो पोचला."

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, छान. म्हणाल्या, आपण फोन म्हटलं की बोलणं धरूनच चालतो. त्या दिवशी रिक्षात बसल्यावर यांनी मला विचारलं की तू त्यात मेलेलं माणूस कुठून आणलंस. मी म्हटलं, मला हल्ली तेच सुचतं. त्यावर ते हसले, थोडेसेच.

तेव्हापासून आमच्या त्या कोपऱ्यात कोडी सुरू झाली. पलीकडच्या खाटेवरचा रिक्षावाला कधी कधी सामील व्हायचा, पण त्याला उत्तरं लगेच हवी असायची. काकू उत्तर देत नसत. कोडं दोन-दोन, तीन-तीन खेपा चालायचं. यांना ते आवडायचं. घरी जेवताना अचानक मान वर करून म्हणायचे, ती खोली जमिनीवर आहे हे कुणी सांगितलं? मला कळायचं की ते कोड्याबद्दल बोलतायत. मला आनंद व्हायचा आणि रागही यायचा. मी इतकी वर्षं या माणसाच्या तोंडातून शब्द निघावा म्हणून धडपडतेय, आणि तो निघतो तो न बघितलेल्या खोलीसाठी. पण राग धरून ठेवायलाही ताकद लागते.

मी सोडवलेलं कोडं एकच. एका माणसाने दार उघडलं. समोर त्याची बायको उभी होती. त्याने तिला ओळखलं नाही आणि तिनेही त्याला ओळखलं नाही. दोघांची दृष्टी चांगली, स्मरणशक्ती शाबूत. यांनी खूप प्रश्न विचारले. वेषांतर आहे का, अंधार आहे का, मध्ये पुष्कळ वर्षं गेली का. सगळ्याला नाही. मी घरी दुधीची सालं काढत होते तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं. ती तेव्हा त्याची बायको झालेलीच नव्हती. नंतर झाली. मी लग्नाआधीपासून ठाण्यात एका छापखान्यात प्रुफं तपासायची. हे त्यांच्या कारखान्याचं कॅटलॉग छापून घ्यायला तिथे यायचे. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे, मध्ये ओली प्रुफं. लग्न ठरल्यावर बोलता बोलता कळलं की आम्ही एकमेकांना आधी कितीतरी वेळा बघितलेलं. दोघांनाही दुसऱ्याचा चेहरा आठवेना. मी हात पुसून आतल्या खोलीत गेले आणि उत्तर सांगितलं. हे पडल्या पडल्या माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हे मला यायला हवं होतं."

मग मे महिना आला. डायलिसिसवाल्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. लघवी होत नाही, त्यामुळे प्यायलेलं सगळं अंगात साठतं, छातीत चढतं. दिवसाच्या पाण्याची एक बाटली मी भरून ठेवायची आणि घोटाघोटाने द्यायची. त्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली होती. यांची बाटली संपत आली होती आणि अख्खी संध्याकाळ बाकी होती. त्यांनी हात पुढे केला. मी बाटली मागे घेतली. ते भिंतीकडे तोंड करून झोपले. मी बाटली मांडीवर घेऊन बराच वेळ तशीच बसले. हातपंख्याने त्यांना वारा घालायचीही इच्छा उरली नव्हती, तरी घालत होते.

दुसऱ्या दिवशी सेंटरमध्ये काकूंनी विचारलं, आज कोडं कोण घालणार? मी म्हटलं, मी घालते. मी कधी घातलं नव्हतं, त्यामुळे रिक्षावालाही वळून बघायला लागला.

"दोन माणसं एका खोलीत बसलीत. एकाला खूप तहान लागलीये. दुसऱ्याच्या हातात पाण्याची बाटली आहे. दोघांचं भांडण नाही. तरी दुसरा पाणी देत नाही."

काकूंना लगेच कळलं. त्यांचा चेहराच सांगत होता. रिक्षावाल्यालाही कळलं असणार, कारण त्याने मान फिरवली. यांना मात्र कळलं नाही. खरंच कळलं नाही. ते नेहमीसारखे शांतपणे विचारायला लागले. पाण्यात काही मिसळलंय का? नाही. ते पाणी तिसऱ्याच कुणासाठी राखलंय का? नाही. दुसरा कंजूष आहे का? मी म्हटलं, नाही. ज्याला तहान लागली त्याला पाणी वर्ज्य आहे का? हो.

त्यावर ते थांबले. यंत्राचा पडदा लुकलुकत होता. आता ते पुढे काही विचारणार नाहीत असं वाटलं, पण त्यांनी विचारलं.

"दुसऱ्याला तहान लागते का?"

"हो."

"तो पहिल्यासमोर पाणी पितो का?"

खोटं बोलायचं नाही हा नियम होता. मी म्हटलं, "नाही."

मी मोरीत जाऊन प्यायची. नळ सोडून, त्या आवाजात. पहिल्या उन्हाळ्यापासून तसंच चाललं होतं आणि त्याबद्दल मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नव्हतं. सुया नसलेला हात यांनी चादरीखालून काढला आणि खाटेच्या कडेवर माझ्या बाजूला ठेवला. त्या संध्याकाळी घरी त्यांनी स्वतः उठून माझ्यासाठी ग्लास भरून आणला आणि समोर बसून म्हणाले, पी. मला त्यांच्यासमोर पाणी घशाखाली उतरवणं जड गेलं. तरी प्यायले.

दिवाळीनंतर एक दिवस आम्ही गेलो तर काकूंच्या खाटेवर दुसरेच कोणी गृहस्थ होते. त्यापुढच्या खेपेलाही तेच. त्या खोलीत अशा वेळी कुणी काही विचारत नाही. खाट रिकामी झाली, की माणसं यंत्राच्या आकड्यांकडे बघतात. टेक्निशियन मुलगीही नवीन होती. काकूंचा फोन मी एकदा लावला. बंद होता. विठ्ठलवाडीला जाऊन चौकशी करावी असं मनात आलं, पण तिथे जाऊन काय ऐकायचं ते ठाऊकच होतं. यांनी फक्त एकदा विचारलं, बाहेर बोर्डावर काकूंबद्दल काही लिहिलंय का. मी नाही म्हटलं. हे पुन्हा पहिल्यासारखे गप्प झाले, आणि या वेळी त्यांना बोलतं करायचा प्रयत्नही मी केला नाही. रात्री मी आपली काकूंसाठी एक उदबत्ती जास्त लावायची.

जानेवारीत एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून काकूंचा आवाज. त्या म्हणाल्या, "तुम्ही मला पोचवून मोकळे झालात ना?"

मी ओट्याला टेकून खालीच बसले. त्या बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. भाच्याने ठाण्याला नेऊन ऑपरेशन करवलं आणि मग स्वतःच्या घरी बाळकुमला ठेवून घेतलं. पडताना फोन बादलीत गेला, त्यात सगळ्यांचे नंबर. आता त्यांचं डायलिसिस तिकडेच कुठेतरी होतं. माझा नंबर त्यांना पलीकडच्या खाटेवरच्या रिक्षावाल्याकडून मिळाला, आणि त्याचा भाच्याने सेंटरमधून मिळवला होता. इतकं सगळं सांगून त्या म्हणाल्या, कल्याणला सगळ्यांनी तसंच धरलं असेल, पण तुम्ही दोघं तरी विचाराल असं वाटलं होतं. त्या रागावून नाही म्हणाल्या.

डायलिसिस नसलेल्या दिवशी आम्ही बाळकुमला गेलो. मोठं कॉम्प्लेक्स, उंच टॉवर, गेटवर सतरा प्रश्न. काकू चौदाव्या मजल्यावर वॉकर घेऊन बसल्या होत्या. अंबाडा तसाच, पण अंगावर गाऊन. ते त्यांना आवडत नव्हतं हे दिसत होतं. भाचा आणि त्याची बायको कामावर गेली होती. काकूंनी हट्टाने स्वतः उभं राहून चहा केला, यांच्यासाठी अर्धा कप. यांची कळी खुलली होती. आल्या आल्या त्यांनी विचारलं, नवीन काही आहे का? काकू म्हणाल्या, आहे, पण आधी माझं ऐका.

मग त्यांनी सांगितलं की भाच्याची बायको त्यांना किडनी द्यायला निघाली होती. रक्ताचं नातं नाही, कायद्याने जमणं अवघड, तरी ती मुलगी कुठे कुठे विचारून आली होती. काकूंनी तिला बसवून समजावलं आणि नको म्हणून सांगितलं. हे सांगून त्या यांच्याकडे वळल्या आणि सहज म्हणाल्या, "तुम्ही केलंत तेच मी केलं. मागे सेंटरमध्ये म्हणाला होतात ना, यांची पुढची तपासणीच होऊ दिली नाही, तसंच."

कपाचा कान यांच्या बोटात होता. यांनी कप खाली ठेवला नाही आणि ओठालाही लावला नाही. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि त्यांच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "यांना माहीत नाही?" यांनी मान हलवली. या वेळी ती हो की नाही, ते मला ठरवावं लागलं नाही.

मी चहा संपवला. काकूंचा हात हातात घेऊन येते म्हटलं. त्यांनी मला सोडताना पुन्हा पुन्हा सांगितलं की मला वाटलं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं असेल. मी म्हटलं, तुमची काय चूक, तसंच वाटणार.

खाली आलो. यांनी मागवलेली कॅब रद्द झाली, दुसरी मागवली, तिला वेळ होता. बागेच्या कडेला बाक होता. तिथे पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ज्यांच्या शेतावर हे टॉवर उभे राहिले त्यांच्यापैकी असावेत, कारण वॉचमन त्यांना येता-जाता सलाम करत होते. ते सरकले. आम्ही बसलो. मी काही वेळ लहान मुलांची घसरगुंडी बघत होते. मग समोर बघतच विचारलं.

"डॉक्टर माझी किडनी चालणार नाही म्हणाले होते?"

मी म्हटलं, नियम तुम्हाला माहीत आहे.

"नाही."

"पुढच्या तपासण्या करू म्हणाले होते?"

"हो."

"तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटली?"

"नाही."

"मला काही होईल अशी भीती?"

त्यांनी थोडा विचार केला. "नाही. तेवढी नाही."

"माझे उपकार नको होते?"

"प्रश्न चुकीचा," ते म्हणाले. मग नियम सोडून स्वतःच बोलायला लागले. "उपकार कसले नको होते? आधीच किती झालेत. छापखाना तू माझ्या आईच्या आजारपणात सोडलास. मग माझा दादा अंथरुणाला खिळला, त्यालाही आपल्याकडेच ठेवला. माझ्या घरच्यांनी तुझ्याकडून घेतलंच घेतलं. म्हटलं, निदान अंगातलं तरी काही काढून घ्यायचं नाही."

शेजारचे गृहस्थ काठी टेकत उठले आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

मला रडू येईल असं वाटलं होतं. रडू आलं नाही. एवढा थकवा आला की पाठ टेकून बसावं लागलं. मी त्यांना म्हटलं की तुम्ही माझी एक किडनी वाचवलीत आणि त्याबदल्यात आठवड्यातले तीन दिवस घेतलेत. बाकीचे चार त्या तीन दिवसांच्या तयारीत जातात. मी गेल्या पाच वर्षांत माहेरी राहिले नाही. मला काय झेपेल आणि काय नाही, ते तुम्ही मला न विचारता धरून चाललात. हे सगळं मी मोठ्या आवाजात बोलले नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "तू दमतेस हे मला दिसत होतं. पण ते माझ्या आजाराने दमतेस असं वाटायचं. माझ्या निर्णयाने असेल, असं कधी मनात आलं नाही."

कॅब आली. माजिवड्याच्या सिग्नलला त्यांनी झोप आल्यासारखे डोळे मिटले, पण ते जागे होते.

त्या आठवड्यात मीच डॉक्टरांची वेळ घेतली. या वेळी दोघं गेलो. माझ्या पुन्हा तपासण्या झाल्या. साखर आता काठावर नव्हती, काठ केव्हाच ओलांडला होता. मला मधुमेह झालाय हे मला तिथे, त्यांच्यासमोर कळलं. डॉक्टर भला माणूस आहे. तो म्हणाला, आता तुमची घेता येणार नाही. मी विचारलं, तेव्हा घेता आली असती का? त्याने सरळ सांगितलं की सगळ्या तपासण्या झाल्या असत्या तर कळलं असतं. तेव्हाही नाहीच निघालं असतं, असंही असेल. आता ते कुणालाच सांगता येणार नाही.

मला वाटायचं, असं काही कळलं तर माणूस दिवसेंदिवस कुढत बसेल. पण दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं. सकाळी उठून डबा करावा लागला. राग होता, अजूनही थोडा आहे. तो मधूनच वर येतो, भाजीचं पाणी ओतून देताना वगैरे. काकूंचा फोन येतो. यांच्याशी कोडी चालतात, स्पीकरवर. त्या दिवसाबद्दल त्या एकदा बोलायला गेल्या, तेव्हा मी त्यांना सांगितलं की तुम्ही बोलून गेलात ते बरंच झालं.

एक मात्र झालं. मी बाकावर बोलले त्यातलं माहेरचं वाक्य यांच्या मनात अडकून राहिलं असावं. एका संध्याकाळी ते म्हणाले, शनिवारी मी एकटा जाईन. मी म्हटलं, वेड लागलंय का, येताना चक्कर आली तर? त्यांनी सगळं आधीच ठरवलं होतं. पलीकडच्या खाटेवरचा रिक्षावाला, त्याचा पुतण्या त्याला न्यायला येतो, तो आधी यांना डोंबिवलीला सोडेल. आपण चक्कर आली की धरायला बायकोच लागते असं धरून चालतोय, असं म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी हसावं अशी त्यांची अपेक्षा होती. मला हसू आलं नाही, पण मी नाहीही म्हटलं नाही.

पहिल्या शनिवारी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. गॅलरीतून रिक्षा वळेपर्यंत बघितलं. मग घरात आले. काय करावं कळेना. भाजी चिरायला घेतली आणि ठेवून दिली. यांचं जेवण सकाळीच करून झाकून ठेवलं होतं, म्हणून तोंडलीची भाजी केली, न उकळलेली, खोबरं घालून, एका माणसापुरती. ताटात वाढून घेतली आणि खुर्चीत बसून हळूहळू खाल्ली. मग जरा पडावं म्हणून आतल्या खोलीत आडवी झाले.

जाग आली ती कुलपात किल्ली फिरण्याच्या आवाजाने. हे आत आले, चपला काढल्या, स्वयंपाकघरात गेले. भांड्यावरचं झाकण उचलल्याचा, मग गॅस पेटवल्याचा आवाज आला. ते आपलं जेवण आपण गरम करत होते. उठावं, निदान चमचा कुठे आहे ते सांगावं, असं वाटलं. मी उठले नाही. कूस बदलली आणि पुन्हा झोपले.